जायचे की नाही? प्रवास-सूचनांमागचा इतिहास

परदेशी जायचे ठरलेले असते, तिकिटे हातात असतात आणि तिथे हल्ला झाल्याची बातमी येते. अशा वेळी बहुतेक जण आधी सरकारची प्रवास-सूचना, म्हणजे ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायझरी, उघडून बघतात. तिच्यात देशाला एखादी पातळी किंवा रंग दिलेला असतो, खाली काही परिच्छेद असतात आणि तेवढ्यावरून निर्णय घ्यायचा असतो. हवामानाच्या अंदाजासारखे हे कुणीतरी मोजूनमापून काढले असेल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात या सूचनांचे महत्त्वाचे नियम घातपातांनंतर घडले आहेत, आणि बऱ्याचदा मेलेल्यांच्या नातेवाइकांनी जाब विचारला म्हणून घडले आहेत. सूचना कोण लिहिते आणि लिहिताना त्याच्यावर कसली दडपणे असतात हे कळले, तर ती वाचायची कशी हेही कळू लागते.

लढाईत सापडलेला प्रवासी जुनाच. पण ज्याचा भांडणाशी काही संबंध नाही अशा प्रवाशालाच मुद्दाम गाठायचे, कारण त्याच्यामुळे सगळ्या जगाचे लक्ष वेधले जाते, ही रीत साधारण १९६८ पासून रुळली. त्या वर्षी २३ जुलैला रोमहून तेल अवीवला निघालेले ‘एल अल’ या इस्रायली कंपनीचे विमान पॅलेस्टिनी अपहरणकर्त्यांनी अल्जीयर्सला नेले. सप्टेंबर १९७० मध्ये तीन विमाने जॉर्डनच्या वाळवंटातल्या एका धावपट्टीवर उतरवली गेली आणि प्रवाशांना खाली उतरवून कॅमेऱ्यांसमोर उडवून दिली गेली. सरकारांनी याला उत्तर दिले ते करारांनी आणि तपासणीने. टोकियोचा करार १९६३ मध्येच झाला होता, त्यात १९७० च्या हेग आणि १९७१ च्या माँट्रियल करारांची भर पडली. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत विमानात चढणाऱ्या प्रत्येकाची तपासणी सुरू झाली. हे सगळे बंदोबस्त विमानतळावरचे होते. प्रवाशाला घरी असतानाच काही सांगायला हवे, हा विचार त्यात फारसा नव्हता.

तो विचार १९८५ मध्ये पुढे आला, कारण ते वर्षच भयंकर गेले. जूनमध्ये अथेन्सहून निघालेल्या ‘टीडब्ल्यूए’ या अमेरिकी कंपनीच्या विमानाचे अपहरण झाले. त्याच महिन्यात एअर इंडियाचे ‘कनिष्क’ अटलांटिकवर स्फोटाने फुटले आणि ३२९ जण गेले. ऑक्टोबरमध्ये ‘अकिले लाउरो’ हे प्रवासी जहाज ताब्यात घेतले गेले आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रोम आणि व्हिएन्ना या दोन विमानतळांवर एकाच दिवशी गोळीबार झाला. अमेरिकेने अथेन्स विमानतळाबद्दल आपल्या नागरिकांना जाहीर इशारा दिला आणि पर्यटनावर पोट असलेल्या ग्रीसमध्ये संताप उसळला. इशारा हा प्रवाशासाठी असला तरी तो दुसऱ्या देशाच्या तोंडावर दिलेला शेरा असतो, हे तेव्हा पहिल्यांदा इतके स्पष्ट दिसले. पुढच्या वर्षी बर्लिनमधला डिस्कोथेकचा स्फोट, लिबियावरचे अमेरिकी हवाई हल्ले आणि चेर्नोबिलची अणुभट्टी दुर्घटना हे सगळे एकाच एप्रिलमध्ये घडले. अमेरिकी पर्यटकांनी त्या उन्हाळ्यात युरोपकडे पाठ फिरवली. ग्राहक परत यावेत म्हणून ब्रिटिश एअरवेजने जूनमधल्या एका दिवसाच्या अमेरिका ते लंडन विमानांतल्या जागा फुकट वाटल्या.

या इतिहासाला खरे वळण मिळाले ते १९८८ च्या डिसेंबरमध्ये, आणि इथे जरा थांबायला हवे. ५ डिसेंबरला हेलसिंकीच्या अमेरिकी दूतावासात एक निनावी फोन आला: येत्या दोन आठवड्यांत फ्रँकफर्टहून अमेरिकेला जाणाऱ्या ‘पॅन अ‍ॅम’च्या विमानात बॉम्ब असेल. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने हा इशारा विमान कंपन्यांना कळवला. तो दूतावासांनाही गेला, आणि मॉस्कोच्या दूतावासाने तो आपल्या लोकांसाठी सूचना फलकावर लावला. सामान्य प्रवाशाला मात्र कुणी काही सांगितले नाही. २१ डिसेंबरला ‘पॅन अ‍ॅम १०३’ स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर फुटले. त्या प्रवासाचा पहिला टप्पा फ्रँकफर्टहूनच सुरू झाला होता. विमानातले २५९ आणि गावातले ११ असे २७० जण मेले. त्यांत नाताळसाठी घरी परतणारे सिरॅक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी होते.

तो फोन बनावट होता आणि त्याचा स्फोटाशी संबंध नव्हता, असा निष्कर्ष तपासात पुढे निघाला. नातेवाइकांच्या दुःखावर त्याने काही फुंकर घातली गेली नाही, आणि घातली जाणे शक्यही नव्हते. त्यांचा प्रश्न फोन खरा की खोटा हा नव्हताच. मॉस्कोतल्या अधिकाऱ्याला जे वाचून आपले तिकीट बदलता आले असते, ते आमच्या मुलाला का कळले नाही, असे ते विचारत होते. या प्रश्नाला आजही कुणाकडे समाधानकारक उत्तर नाही असे मला वाटते, आणि या कुटुंबांनी तो लावून धरला नसता तर आपल्याला आज जे वाचायला मिळते तेही मिळाले नसते. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने १९९० मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला. धोक्याची माहिती निवडक प्रवाशांना द्यायची आणि बाकीच्यांपासून लपवायची, हे त्यानंतर चालणार नव्हते. स्वतःच्या कर्मचाऱ्यांना सावध करायचे असेल, तर तीच गोष्ट सर्वसामान्य नागरिकांनाही सांगायची, हे तत्त्व तिथून आले.

तत्त्व न्याय्य आहे, पण त्याचा एक परिणाम कुणी फारसा बोलून दाखवत नाही. माहिती जाहीर झाली की निर्णयाचे ओझेही प्रवाशाच्या खांद्यावर येते. सरकारने सांगितले होते, तरी तुम्ही गेलात, असे म्हणायची सोय होते. म्हणून लिहिणाऱ्याचा कल जरा जास्तच सावध लिहिण्याकडे जातो. आणि भीतीची झळ फक्त प्रवाशालाच बसते असे नाही. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये इजिप्तमधल्या लक्सरजवळ राणी हतशेपसूतच्या मंदिरात ६२ जणांची हत्या झाली, त्यात ५८ परदेशी पर्यटक होते. त्यानंतर इजिप्तचे पर्यटन कोसळले ते नाईलकाठच्या नावाड्यांपासून वाटाड्यांपर्यंत सगळ्यांना घेऊन.

११ सप्टेंबर २००१ नंतर भीतीची आणखी एक बाजू उजेडात आली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी अमेरिकेतल्या रस्ते अपघातांचे आकडे तपासले. विमानाची धास्ती घेऊन लोक मोटारीने लांबचा प्रवास करू लागले होते आणि गिगेरेन्झर यांच्या अंदाजानुसार त्यामुळे पुढच्या १२ महिन्यांत सुमारे १,५०० जण जादा मेले. हा आकडा मला अजून अस्वस्थ करतो. ही माणसे बेफिकीर नव्हती, आपण सुरक्षित मार्ग धरतो आहोत याच खात्रीने ती निघाली होती.

मग १२ ऑक्टोबर २००२ ला बालीतल्या कुटा भागात रात्री स्फोट झाले. २०२ बळी गेले, त्यातले ८८ ऑस्ट्रेलियाचे. ऑस्ट्रेलियाच्या सूचनेत इंडोनेशियाबद्दल सावधगिरीचा इशारा होता, पण बालीतली पर्यटनसेवा नेहमीप्रमाणे चालू असल्याचेही त्यातच लिहिले होते. सिनेटच्या समितीने पुढे या साऱ्याची चौकशी केली आणि २००३ मध्ये ‘स्मार्टट्रॅव्हलर’ ही सरकारी प्रवास-सूचनांची सेवा सुरू झाली. ब्रिटनमध्येही हाच वाद पेटला आणि तिथला लंबक दुसऱ्या टोकाला गेला. मोम्बासाजवळच्या हॉटेलवर नोव्हेंबर २००२ मध्ये हल्ला झाला होता. पुन्हा धोका आहे असे कळल्यावर मे २००३ मध्ये ब्रिटनने आपल्या कंपन्यांची केनियाला जाणारी विमानेच काही आठवडे थांबवली. हॉटेले ओस पडली, केनियाने कडक निषेध केला. दहशतवाद्यांना जे हवे होते ते आपणच करून देतो आहोत का, हा प्रश्न मग ब्रिटनमध्येच विचारला गेला. २००४ मध्ये परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी धोरण बदलले: धोका अतिशय मोठा आणि अगदी जवळ येऊन ठेपलेला असेल, तरच दहशतवादाच्या कारणावरून जाऊ नका असे सांगायचे. एरवी धोका आहे एवढे सांगून निर्णय प्रवाशावर सोडायचा.

या धोरणाची सर्वांत कठीण परीक्षा ट्युनिशियात झाली. मार्च २०१५ मध्ये राजधानीतल्या बार्डो संग्रहालयात पर्यटक मारले गेले. ब्रिटनच्या सूचनेत धोका मोठा असल्याचे लिहिलेले होते, पण सूस या किनाऱ्यावरच्या शहरात जाऊ नका असे म्हटलेले नव्हते. २६ जूनला सूसजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एका बंदूकधाऱ्याने ३८ जणांना ठार केले, त्यातले ३० ब्रिटिश होते. ९ जुलैला ब्रिटनने अत्यावश्यक काम नसेल तर ट्युनिशियात जाऊ नका असे सांगितले. आयर्लंड आणि डेन्मार्कने तसेच केले, फ्रान्सने केले नाही. किनारा एकच, हल्लाही एकच, तरी शेजारच्या देशांच्या प्रवाशांना दोन वेगळी उत्तरे मिळाली. ब्रिटनने मनाई उठवली ती दोन वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये. त्याच वर्षी झालेल्या न्यायालयीन चौकशीत मृतांचे नातेवाईक सांगत होते, की सहल विकत घेताना सरकारी सूचनेकडे कुणी आमचे लक्षच वेधले नव्हते.

विमा आणि पैशांचा गुंता याच सूचनांना चिकटला आहे, आणि तो प्रवाशाला बहुधा उशिरा कळतो. सरकारने जाऊ नका म्हटलेल्या ठिकाणी गेल्यास अनेक प्रवास-विमा पॉलिसी लागू होत नाहीत. उलट, सरकारने नुसती सावधगिरी सांगितली असेल आणि तुम्ही भीतीने बेत रद्द केला, तर पैसे परत मिळतीलच असे नाही. युरोपीय संघाच्या पॅकेज सहलींच्या नियमांत, जे जुलै २०१८ पासून लागू झाले, सहलीच्या ठिकाणच्या दहशतवादाचा ‘अटळ आणि असाधारण परिस्थिती’त समावेश होऊ शकतो. त्याचा सहलीवर मोठा परिणाम होणार असेल, तर ग्राहकाला दंड न भरता सहल रद्द करता येते. सुटे तिकीट आणि सुटे हॉटेल घेणाऱ्याला हे संरक्षण नाही. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेनेही आपल्या सूचना चार पातळ्यांत बसवल्या आणि गुन्हेगारी, दहशतवाद, अशांतता, आरोग्य अशा कारणांसाठी वेगवेगळी अक्षरे दिली. माझ्या मते पातळीच्या आकड्यापेक्षा ही अक्षरे, नावानिशी दिलेले भाग आणि सूचना शेवटची बदलल्याची तारीख जास्त उपयोगाची आहे. पातळी अख्ख्या देशाची असते, प्रवासी मात्र एखाद-दोन शहरांत जाणार असतो.

२१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या रविवारी, श्रीलंकेत तीन चर्च आणि तीन मोठ्या हॉटेलांवर आत्मघाती हल्ले झाले. अडीचशेहून अधिक लोक गेले, त्यांत अनेक परदेशी होते. मे महिन्यात पर्यटकांची संख्या आदल्या वर्षीच्या मेपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी घसरली. जूनमध्ये ब्रिटनने आपली मनाई मागे घेतली. सूसच्या वेळी दोन वर्षे लागली होती, इथे दोन महिनेही लागले नाहीत. या हल्ल्याची पूर्वसूचना भारताच्या गुप्तचरांकडून कोलंबोला आधीच मिळाली होती, पण तिच्यावर कारवाई झाली नाही. परदेशी सरकारांची प्रवास-सूचना वाचणाऱ्यालाही ती कळायचे कारण नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना, हल्ला टाळण्यात कसूर केल्याबद्दल, बळींच्या कुटुंबांसाठी १० कोटी श्रीलंकन रुपये भरण्याचा आदेश दिला. पोलीस आणि गुप्तचर यंत्रणांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही भरपाई द्यायला सांगितले गेले.