रेटी वि. कॅपाब्लँका, न्यूयॉर्क १९२४: या गेमच्या मागे काय होतं

२२ मार्च १९२४ ला न्यूयॉर्कच्या अलामॅक हॉटेलमधल्या बुद्धिबळ स्पर्धेत वर्ल्ड चॅम्पियन कॅपाब्लँका रेटीकडून हरला. म्हणजे काय झालं ते कळायला आधी हे बघा, की १९१६ मध्ये शायेस नावाच्या खेळाडूकडून हरल्यानंतर आठ वर्षं तो एकही टूर्नामेंट गेम हरला नव्हता, लोक त्याला चेस मशीनच म्हणायचे.

त्या काळी स्टाइनिट्झ आणि टारॅश या जुन्या उस्तादांची शिकवण पक्की बसलेली, मधली घरं प्याद्यांनी धरायची म्हणजे धरायचीच. पहिल्या महायुद्धानंतर निम्झोविच, रेटी ही मंडळी म्हणायला लागली की सेंटरमध्ये प्यादी नेऊन उभी करायलाच हवीत असं नाही, उंट कडेला ठेवून लांबून पण त्या घरांवर ताबा ठेवता येतो. तसं कडेनं सुरू करणं अगदीच नवं नव्हतं, स्टाँटनने १८४३ मध्येच सेंट-अमांविरुद्ध सी४ (म्हणजे पहिल्याच चालीला सी रांगेतलं प्यादं चौथ्या घरात) खेळलं होतं, आणि कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी १८५० च्या आसपास कॉक्रेन या खेळाडूविरुद्ध उंट असाच कडेला लावायचे. आपल्या जुन्या भारतीय नियमात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, त्यामुळे असा डाव बॅनर्जींना सवयीचा असणार असं मला वाटतं. कॅपाब्लँकाने या गेममध्ये काळ्याकडून लावलेली मांडणी त्याच वळणाची, जी६ आणि उंट जी७ वर.

रेटीने घोडा एफ३, सी४, बी४ असं उघडलं, दोन्ही उंट कडेच्या लांब कर्णांवर लावले आणि प्यादं डी४ ला ढकलण्याचा धक्का थेट १६ व्या चालीला दिला, मला तर सगळ्यात भारी हा धीरच वाटतो. २० व्या चालीला कॅपाब्लँकाच्या वजिराने सी४ चं प्यादं खाल्लं, रेटीने लगेच जी७ वर उंटांची मारामारी केली, बी२ वरून वजिराचा शह दिला आणि हत्तीने डी६ चं प्यादं उचललं. तिथून काळ्याचा डाव विस्कटला तो विस्कटलाच, ३१ व्या चालीला त्याने हार मानली.

स्पर्धा मात्र ५५ वर्षांच्या माजी वर्ल्ड चॅम्पियन लास्करने जिंकली, २० पैकी १६ गुण. आणि त्याने याच ओपनिंगविरुद्ध काळ्याकडून उंट एफ५ ला काढून, डी५-सी६ चा भक्कम बांध घालून रेटीला हरवलं, ती मांडणी लोक आजही खेळतात.