नायट्रोवर पहिल्यांदा: जुनी फनी कार चालवायला शिकणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून ब्लोअरवाले (हवा दाबून आत ढकलणारा पंप लावलेले) ४२६ हेमी (४२६ घन इंचांचे व्ही-८) इंजिन बांधून घेऊन १९७०च्या दशकातल्या बॉडीची फनी कार, म्हणजे सरळ ट्रॅकवर ड्रॅग रेस करणारी गाडी, नायट्रोवर (नायट्रोमिथेन या इंधनावर) उतरवणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. गाडी कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या फमोसो ट्रॅकवर मार्च मीट या ड्रॅग रेसला न्यायची असो की घराजवळच्या स्ट्रिपवर, पद्धत हीच. पेट्रोल किंवा मिथेनॉलवर रेस केलेल्यांनी तर ते नक्की वाचावे. तिथल्या काही सवयी इथे इंजिन फोडतात.

इंधन किती आणि का

नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, नायट्रोला फक्त १.७ किलो. त्यामुळे तेवढ्याच हवेत साडेआठ पट इंधन ओतता येते आणि पेट्रोलच्या दुपटीहून जास्त ऊर्जा निघते. इंधन एवढे, की सिलिंडरमध्ये ते द्रवरूपातच पोहोचते. बहुतेक मोठे नुकसान यातूनच होते.

कॉम्प्रेशन ६.५ ला १ धरले तर पिस्टन वर आल्यावर या इंजिनच्या एका सिलिंडरमध्ये जेमतेम १६० घन सेंटिमीटर जागा उरते, म्हणजे चहाच्या कपाएवढी. तिथे कपभर इंधन साचले असेल तर पिस्टन वर येऊच शकत नाही, कारण द्रव दाबला जात नाही. मग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो, हेड उचलले जाते किंवा ब्लॉक फुटतो.

सुरू करताना

मागची चाके स्टँडवर घ्या. प्लग काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडकला तर जोर लावू नका. इंधन बाहेर येऊ द्या आणि कारण शोधा. प्लग बसवल्यावर इंधनाचा व्हॉल्व्ह बंद आणि मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारे यंत्र) ग्राउंड, म्हणजे बंद, ठेवून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर फिरवा. मग मॅग्नेटो चालू करून इंजेक्टरच्या तोंडात बाटलीने थोडे मिथेनॉल मारा, आणि इंजिन त्यावर पकडले की इंधनाचा व्हॉल्व्ह उघडा.

आता आठही हेडर (प्रत्येक सिलिंडरची एक्झॉस्ट नळी) तपासा. एखाद्यातून ज्वाळेऐवजी पांढरी वाफ येत असेल तर तो सिलिंडर मेला आहे, म्हणजे त्यात इंधन जळत नाही, आणि तो इंधनाने भरत चालला आहे. लगेच बंद करा. थ्रॉटल मारून तो ‘साफ’ करायचा मोह होतो, तो आवरा. जवळच्या प्रत्येकाला कार्ट्रिजवाला मास्क हवा, कारण एक्झॉस्टमध्ये नायट्रिक ॲसिडची वाफ असते.

बंद करतानाचा क्रम सर्वांत महत्त्वाचा: आधी इंधन, मग मॅग्नेटो. आधी मॅग्नेटो तोडला तर ठिणगी थांबते, पण इंजिन थांबेपर्यंत पंप इंधन ढकलतच राहतो आणि सिलिंडर भरतात. पेट्रोलवरून आलेले लोक हीच चूक करतात.

मिश्रण आणि जेट

इंधन म्हणजे नायट्रो आणि मिथेनॉलचे मिश्रण. त्यातली नायट्रोची टक्केवारी हायड्रोमीटरने (घनता मोजणाऱ्या नळीने) मोजा आणि प्रत्येक वेळी इंधनाचे तापमानही लिहा. २० अंश सेल्सिअसला शुद्ध नायट्रोची सापेक्ष घनता १.१३७ आणि मिथेनॉलची ०.७९ असते. इंधन तापले की आकडा खाली येतो. तापमान न पाहता तो वाचला तर नायट्रो कमी पडला असे वाटून तुम्ही आणखी ओताल.

टाकीकडे परत जाणाऱ्या लाइनमधला जेट (मोजून पाडलेले छिद्र) बारीक केला की परत जाणारे इंधन घटते आणि इंजिन रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त होते. जाड जेटने लीन होते, म्हणजे इंधन कमी पडते. सुरुवात रिचवरून करा आणि एका वेळी ५ हजारांश इंचाहून मोठा बदल करू नका. लीन झाले तर डिटोनेशन (इंधनाचा सिलिंडरमध्ये एकदम स्फोट) होऊन पिस्टन जळतात. जास्त रिच केले तर सिलिंडर मरतात. हवा गरम आणि विरळ असेल तर तीच मात्रा रिच ठरते. म्हणून सकाळचा जेट दुपारी जसाच्या तसा लावू नका.

नायट्रोमध्ये मिथेनॉलखेरीज दुसरे काहीही मिसळू नका. जुने रेसर टाकायचे ते हायड्रेझिन तर अजिबात नाही. त्याचे मिश्रण स्फोटक बनते. अमाइन (अमोनियापासून बनणारी रसायने) असलेली क्लीनर रसायनेही दूर ठेवा. १९५८ मध्ये अमेरिकेत नायट्रोमिथेनचे रेल्वे टँकर फुटले, त्यानंतर हे इंधन टँकरऐवजी ड्रममधून जाऊ लागले. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही, म्हणून भरताना कोणीतरी एक्स्टिंग्विशर धरून उभे राहावे.

गाडीत बसल्यावर

इंजिन तुमच्या समोर असते, त्यामुळे तेल आणि आग दोन्ही तुमच्याकडेच येतात. डोळे बांधून इंधनाचा लिव्हर, फायर बॉटल, पॅराशूट आणि छताची खिडकी हाताने शोधण्याचा सराव करा. लायसन्सच्या चाचणीतही हे विचारतात. पहिले रन फक्त सुटण्याचे, मग अर्ध्या ट्रॅकचे, आणि ते सरळ आणि स्वच्छ झाल्यावरच पाव मैलाचे.

चाके धूर सोडू लागली, गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा आवाज बदलला, की पाय उचला, इंधन बंद करा, पॅराशूट सोडा. पुन्हा थ्रॉटल दाबून रन वाचवायला जाऊ नका. बंद-उघड होणाऱ्या बटरफ्लायमुळे (थ्रॉटलच्या हवेच्या झडपेमुळे) ब्लोअर फुटू शकतो. ब्लोअरचे पट्टे आणि बर्स्ट पॅनल (दाब वाढला की आधी फुटणारी पट्टी) त्यासाठीच आहेत, पण त्यांच्या भरवशावर चालवू नका.

रन संपल्यावर

तेल गरम असतानाच काढा. ७० वजनाचे तेलही नायट्रोने पातळ होते, म्हणून प्रत्येक रननंतर ते बदला. मग पॅन उतरवून रॉड बेअरिंग पाहा. दाबून चपटे झालेले बेअरिंग डिटोनेशन सांगते. प्लगची पट्टी वितळली असेल तर तो सिलिंडर लीन होता. प्लग ओला असेल तर तो मेला होता.

काही बिनसले तर आठही प्लग सिलिंडरच्या क्रमाने लावून आणा. सोबत टक्केवारी, इंधनाचे तापमान, जेट आणि हवेच्या नोंदींचा कागद आणा. त्याशिवाय आम्ही जेट सुचवत नाही.