बेंबीच्या देठापासून! 'सपोर्ट' आणि 'प्लेसमेंट' हे शब्द आले कुठून?

हल्ली कुठल्याही ऑनलाइन गाण्याच्या क्लासला बसा, दहा मिनिटांत दोन वाक्यं कानावर पडणारच, 'डायफ्रामने गा' आणि 'आवाज पुढे मास्कमध्ये ठेव'. शिकणारा बिचारा पोटावर हात ठेवून मास्क शोधत बसतो. (डायफ्राम म्हणजे फुफ्फुसांखालचा पडद्यासारखा स्नायू, आणि मास्क कोविडवाला नाही हो, नाक-गालांचा भाग, जिथे मुखवटा बसतो तो.) पहिल्या गोष्टीला म्हणतात 'सपोर्ट', दुसरीला 'प्लेसमेंट'. दोन्ही शब्द पाश्चात्य गायनातून आलेत आणि त्यांच्यामागे बरीच भानगड आहे.

सुरुवात इटलीतून. 18व्या शतकात तिथे ऑपेराचे, म्हणजे गाऊन करायच्या नाटकांचे, स्टार म्हणजे कास्त्राती, लहानपणीच खच्चीकरण केलेले पुरुष गायक. त्यांचा एक मुख्य रियाज असा की एकच स्वर अगदी बारीक लावायचा, हळूहळू फुलवायचा आणि परत बारीक करत विझवायचा, सगळं एका दमात. म्हणजे श्वास पुरवून वापरणं हे तेव्हाही होतंच, पण थिएटरं आणि वाद्यवृंद आजच्या मानाने लहान, त्यामुळे साधे टेनरसुद्धा (उंच पट्टीचे पुरुष गायक) वरचे स्वर हलक्या, डोक्यातल्या आवाजात घ्यायचे आणि कोणाची तक्रार नव्हती.

मग आला ड्यूप्रे. या फ्रेंच टेनरने 1831 मध्ये इटलीतल्या लुका गावी संगीतकार रोसिनीच्या 'विल्यम टेल' या ऑपेरात वरचा सा, म्हणजे त्यांचा हाय सी, छातीच्या भरदार आवाजात लावला. 1837 मध्ये त्याने तेच पॅरिसला केलं आणि पब्लिक वेडं झालं. तिथला आधीचा हिरो नूरी, नाजूक आवाजाचा, त्याने पॅरिस सोडलं, इटलीत जाऊन नवी पद्धत शिकायचा प्रयत्न केला, आवाज गेला, मन खचलं आणि 1839 मध्ये नेपल्सला त्याने जीव दिला. एका स्वराच्या फॅशनपायी माणूस गेला, असं मला तरी वाटतं.

पण फॅशन राहिली. वाद्यवृंद वाढत गेले, वर्दी आणि वाग्नरचे ऑपेरे आले, आणि माइक तर नव्हताच. आता घसा न फाडता हे रोज रात्री करायचं कसं? मिलानचे फ्रांचेस्को लाम्पेर्ती आणि त्यांचा मुलगा यांच्या शिकवण्यात 'अप्पोज्जो' शब्द येतो, म्हणजे टेकणं, टेका देणं. श्वास घेतल्यावर बरगड्या लगेच पाडायच्या नाहीत, श्वास आत घेणारे स्नायू चालूच ठेवायचे, त्यांची बाहेर सोडणाऱ्या स्नायूंशी रस्सीखेच लागते आणि हवा बेताने सुटते. 'सपोर्ट' हा याच शब्दाचा इंग्रजी भाऊ. आता गंमत बघा, डायफ्राम मुळात श्वास आत घेणारा स्नायू आहे, त्यामुळे 'डायफ्रामने आवाज ढकल' हे वाक्य शरीराच्या हिशोबाने उलटंच पडतं.

दरम्यान 1854 मध्ये मान्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाश पाडून, स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याचा निबंध वाचला गेला. हा माणूस 101 वर्षं जगला, कान-नाक-घसावाले त्याला आजही मानतात. वाटलं असतं की आता सगळं शास्त्रावर चालेल, पण झालं उलटंच. तंतू दिसले तरी गाताना ते जाणवत नाहीत, जाणवतो तो कपाळात, गालात होणारा थरथराट, आणि शिक्षकांनी तोच पकडला. पोलिश टेनर जाँ द रेझ्के मास्कची भाषा शिकवायला लागले. लिली लेमान या जर्मन गायिकेने 1902 च्या पुस्तकात चक्क डोक्याची चित्रं काढून कुठला स्वर कुठे जाणवतो त्याच्या रेघा आखल्या. त्या संवेदना खऱ्याच होत्या, पण लोक समजले की आवाज खरोखर तिथे जातो.

जात नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेत गायकांच्या नाकाच्या पोकळ्या बंद करून गायला लावलं, तर ऐकणाऱ्यांना फरक कळला नाही. मग तो टोकदार, हॉलभर पोचणारा आवाज येतो कुठून, याचं उत्तर स्टॉकहोमच्या योहान सुंडबर्गने 1974 मध्ये मांडलं. वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या (सेकंदाला 500 कंपनं) आसपास असतो आणि कसलेल्या ऑपेरा गायकाच्या आवाजात 3000 च्या जवळ एक जास्तीचा उंचवटा असतो, जिथे वाद्यांचा जोर बराच उतरलेला असतो. हा उंचवटा तयार होतो स्वरयंत्राच्या लगेच वर, घशातच, कपाळात नाही.

आपल्याकडे काय होतं? 13व्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात नाभीतून निघालेला वायू हृदय, कंठ, मूर्धा असा चढत नाद करतो, मंद्र (खालचं सप्तक) हृदयात, मध्य कंठात, तार (वरचं) डोक्यात. लेमानबाईंच्या चित्राआधी साडेसहाशे वर्षं! त्याच ग्रंथात गायकाचे 25 दोष आहेत, त्यात दात आवळून गाणारा, उंटासारखी मान वर करणारा, गळ्याच्या शिरा फुगवणारा, गाल भोपळ्यासारखे फुगवणारा, नाकात गाणारा, सगळे आहेत. कुठल्याही गाण्याच्या स्पर्धेत जाऊन टिकमार्क करत बसा. पण ही भाषा पुढे घराण्यांत खर्जाचा रियाज, दमसास, आवाजाचा लगाव अशा तोंडी शब्दांत राहिली, का आणि कसं हे गुरू क्वचितच फोडून सांगायचे.

ते फोडून सांगायचा हट्ट धरला मिरजेच्या बा. र. देवधरांनी. पलुस्करांचे शिष्य, 1925 मध्ये मुंबईत संगीत शाळा काढली, पाश्चात्य संगीतही शिकले आणि आवाजाचं शास्त्र हा विषय आयुष्यभर सोडला नाही. त्यांचेच शिष्य कुमार गंधर्व. 1947 च्या सुमारास क्षयाने कुमारांचं एक फुफ्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणंच बंद. परत गायला लागले तेव्हा लांबलचक दमाच्या ताना हाताशी नव्हत्या, मग छोटे छोटे तुकडे, मध्येच टोकदार फेक, मध्येच शांतता असं गाणं उभं राहिलं. नंतर त्या तुकड्यांची नक्कल करणारे किती निघाले, आणि त्यांची तर दोन्ही फुफ्फुसं ठणठणीत होती.