'फ्री' या शब्दाचा गुंता: घरच्या कॉम्प्युटरवरचे छोटे प्रोग्राम कुठून आले

जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर या भागातल्या मध्यमवर्गीय घरांत कॉम्प्युटर शिरला तो साधारण 2001 नंतर. त्याच वर्षी राज्यात एमएस-सीआयटी सुरू झाली, पुढे नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं, आणि पोरांना सराव हवा म्हणून मशीन घरी आलं. सुटे भाग जोडून देणारा दुकानदारच त्यात छोटे प्रोग्राम भरून द्यायचा. झिप उघडायला एक, सीडी राइट करायला एक, शिवाय मराठीचे फॉन्ट. घरच्यांनी निवडायचं असं काही नव्हतंच, दुकानदाराच्या सीडीत जे असेल ते आपलं.

मग भारनियमन. लाइट गेली की मशीन धाडकन बंद, आणि विंडोज 98 पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क फिरायचं. डिस्क दुरुस्त करणाऱ्या, पुसलेली फाइल परत आणणाऱ्या प्रोग्रामांची ओढ लागली ती त्यामुळे. अमेरिकेत असे प्रोग्राम 1982 पासून विकत मिळत होते.

पेनड्राइव्ह आल्यावर दुसरी गरज उभी राहिली. सायबर कॅफेतून आणलेला पेनड्राइव्ह लावला की आत 'न्यू फोल्डर' नावाचं पिवळं फोल्डर दिसायचं. चित्र फोल्डरचं, पण असायचा तो प्रोग्राम. नावापुढचं '.ईएक्सई' दिसत नसे, कारण ओळखीच्या फाइलींची एक्स्टेन्शन विंडोज आपणहून लपवतं. डबल क्लिक केलं की व्हायरस मशीनमध्ये. ही सेटिंग आजही तशीच येते आणि ती आजही बदलून घ्यायला हवी. पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालणारं ऑटोरन विंडोज एक्सपीवर बंद करणारं अपडेट सगळ्यांपर्यंत आलं ते थेट 2011 मध्ये. मधल्या काळात जो तो मिळेल तो 'फ्री' अँटिव्हायरस टाकत सुटला.

खरा गुंता या 'फ्री'चाच आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ फुकटही होतो आणि मोकळाही. आपल्याकडे 'फुकटमा भेटस' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. 1982 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने मॉडेमवर, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या यंत्रावर, चालणारा आपला प्रोग्राम वाटला: वापरा, आवडला तर पैसे पाठवा. त्याला त्याने 'फ्रीवेअर' म्हटलं. म्हणजे हा शब्द जन्मला तो पैशांची अपेक्षा ठेवणाऱ्या प्रोग्रामसाठी. पुढच्या वर्षी तशाच पद्धतीला दुसऱ्याने 'शेअरवेअर' म्हटलं, आणि तेच नाव रुळलं. त्याच 1983 मध्ये तिसरा विचार पुढे आला: सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, कुणालाही पाहता, बदलता, वाटता आला पाहिजे. यातलं फ्री म्हणजे मुक्त. त्याचीच पुढची, 1998 मधली ओळख 'ओपन सोर्स'.

आपल्या घरांत हे तिन्ही प्रकार एकाच नावाने नांदले. झिपसारख्या दाबलेल्या फाइली उघडणाऱ्या विनरारची चाचणीची मुदत 40 दिवसांची. ती संपल्यावर फक्त आठवणीची खिडकी उघडते, काम थांबत नाही, म्हणून लोक त्याला फ्री समजले. 1999 मध्ये आलेलं सेव्हन-झिप खरोखर मुक्त आहे, तेच काम करतं आणि कधी पैसे मागत नाही. तरी दुकानदाराच्या सीडीत बहुधा विनरारच असायचं, आणि क्लासमध्येही तेच दाखवलं जायचं. शिकवतानाच हा फरक सांगितला असता तर एका पिढीला मुदत संपलेल्या परवान्यावर काम करण्याची सवय लागली नसती.

फुकट म्हणजे निर्धोक नाही, हे 2017 मध्ये जगाने पाहिलं. सीसीक्लीनर या लोकप्रिय साफसफाई प्रोग्रामच्या 5.33 आवृत्तीत घातक कोड घुसवला गेला होता आणि ती अधिकृत जागेवरूनच वाटली जात होती. सुमारे 22.7 लाख वापरकर्त्यांकडे ती पोचली.

आता त्या जुन्या सीडीतलं बरंचसं विंडोजमध्येच आहे. झिप एक्सपीपासून, अँटिव्हायरस विंडोज 8 पासून, आणि 2023 पासून विंडोज 11 विनरारच्या रार आणि सेव्हन-झिपच्या सेव्हन-झेड फाइलीही उघडतं. उरली आहे ती पीडीएफची अडचण. फॉर्म भरताना फाइल ठरावीक केबीच्या आत बसवायची असते, तेव्हा सातबारा, आधार, मार्कशीट सरळ कुठल्यातरी फुकट साइटवर चढवली जाते. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस संचातल्या ड्रॉमध्ये तीच पीडीएफ उघडून एक्स्पोर्ट करताना चित्रांचं रिझोल्यूशन कमी केलं की आकार उतरतो, आणि कागद घराबाहेर जात नाही.