पाणी भरण्याची कटकट आणि खान्देशातल्या युक्त्या

खान्देशातल्या शेतीची गोष्ट सांगायला बसलं की लोक थेट ठिबक सिंचनावर येतात. जणू ते एके दिवशी कारखान्यातून निघालं आणि केळीच्या बागेत जाऊन बसलं. पण पाणी भरण्यातला रोजचा त्रास कमी करायची खटपट इथे त्याच्या फार आधीपासून चालू आहे.

साधी मोट घ्या, म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी. बैलांनी ती वर ओढली की ओतून घ्यायला विहिरीच्या काठावर एक माणूस उभा लागायचा, दिवसभर तेवढ्याचसाठी. सोंडेच्या मोटेनं त्याला मोकळं केलं. चामड्याच्या मोटेला खालून सोंड, म्हणजे चामड्याचीच लांब नळी. नाडा नावाचा जाड दोर मोटेच्या तोंडाला, सोंदूर नावाचा बारीक दोर सोंडेच्या टोकाला. वर येताना सोंड दुमडलेली राहते, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आलं की नाडा मोटेला चाकाकडे वर नेतो, सोंदूर सोंडेला कण्यावरून, म्हणजे काठावरच्या आडव्या रुळावरून, थारोळ्यात (पाणी पडायच्या कुंडात) खेचतो, आणि मोट आपसूक रिकामी होते. बैल हाकणारा एकटा पुरतो. ही मोट काही एकट्या खान्देशाची नव्हे, कोरड्या मुलखात ती बऱ्याच ठिकाणी होती.

फड पद्धत मात्र इथली, आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत हुशार. धुळे जिल्ह्यातली पांझरा, शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या मोसम आणि आरम, या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून बंधारे बांधून पाटानं पाणी फिरवलं जाई. पाट आला की भांडणं आलीच. वरच्याचं शेत तुडुंब, शेवटच्याला चिखलसुद्धा नाही. शेजाऱ्यानं ऊस लावला की त्याचा पाझर आपल्या बाजरीत. मग लोकांनी बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी फेरपालट करायची, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सरळ पडीक ठेवायचा. प्रत्येकाचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात, त्यामुळे पडीक राहण्याचा तोटाही सगळ्यांना थोडा थोडा. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचं मानधन शेतकरीच देत. रोज उठून आपल्या पाळीसाठी कोणाशी हुज्जत घालायला नको.

ठिबकाचा जन्म खान्देशातला नाही. इस्राएलमधले पाणी-अभियंता सिमखा ब्लास यांनी १९३०च्या दशकात गळक्या नळाशेजारचं एक झाड बाकीच्यांपेक्षा जोमानं वाढलेलं पाहिलं. थेंब थेंब पाणी द्यायचं तर छिद्र बारीक हवं, आणि बारीक छिद्र लगेच तुंबतं. हा चिल्लर वाटणारा अडथळा सुटायला काही दशकं आणि स्वस्त प्लॅस्टिक लागलं. त्यांनी छिद्र मोठंच ठेवलं आणि पाण्याला लांब, वळणावळणाच्या वाटेनं नेलं. घर्षणानं दाब उतरला आणि थेंब पडू लागला. १९६५-६६ च्या सुमाराला हात्झेरिम किबुट्झमध्ये, म्हणजे तिथल्या सामुदायिक शेतीच्या वसाहतीत, त्याचं उत्पादन सुरू झालं.

जळगावात हे आणलं ते जामनेर तालुक्यातल्या वाकोदच्या भवरलाल जैन यांच्या कंपनीनं. १९६३ साली रॉकेल विकण्यापासून सुरुवात, १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम), १९८० मध्ये पीव्हीसी पाइप, आणि त्या दशकाच्या अखेरीला ठिबक. रावेर-यावलच्या केळीला ते मानवलं. पण शेतात आल्यावर नव्या कटकटी निघाल्या. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानं ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, बंद पडायचे, म्हणून आम्लाची प्रक्रिया आली. गाळ साचायचा, म्हणून फिल्टर आणि नळीच्या शेवटाला उघडता येणारं टोपण. खत प्रत्येक झाडाला हातानं टाकण्यापेक्षा व्हेंचुरीतून, म्हणजे वाहत्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून, पाण्याबरोबर सोडलेलं बरं.

पाणी सुटलं तरी बागेची कुरकुर संपत नाही. कंद लावून केलेली केळीची बाग एकसारखी वाढत नसे. काढणी लांबायची आणि व्यापाऱ्याला पुन्हा पुन्हा यावं लागायचं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या (ऊतिसंवर्धित) ग्रँड नैन या केळीच्या वाणाच्या रोपांनी बाग बरीचशी एका वेळी कापणीला येऊ लागली. वाऱ्यानं पान घासलं तरी फळावर डाग पडतो आणि निर्यातीचा माल बाद होतो. त्यावर उपाय म्हणजे घडाला घातलेली पिशवी, स्कर्टिंग बॅग. पिशवीच ती, पण भावात फरक पाडते.

प्रत्येक युक्ती अशी गोडच निघते असं नाही. शेतीपंपाला थ्री-फेज वीज ठरावीक तास मिळते, आणि बऱ्याचदा रात्री. अंधारात साप-विंचवाच्या भीतीनं पंप सुरू करायच्या स्टार्टरपर्यंत जायचं कोणी? त्यातून ऑटो स्विच आला: वीज आली की पंप आपोआप सुरू. घरी झोपलेल्या माणसाच्या दृष्टीनं झकास. पण वीज येताच एका रोहित्रावरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप एकाच क्षणी उचल खातात, भार वाढतो आणि रोहित्र जळतं. मग ते बदलून मिळेपर्यंत सगळ्यांचीच पिकं वाळतात. म्हणून वीज कंपनी ऑटो स्विच काढा, पंपाचा विजेचा भार हलका करणारे कपॅसिटर बसवा, असं वर्षानुवर्षं सांगत असते, आणि शेतकरी ऐकून सोडून देतो, कारण रात्री उठणं त्याला चुकवायचं असतं. मोबाइलवरून चालू-बंद होणारे स्टार्टर आता मिळतात. काही पॅनलमध्ये वीज आल्यावर ठरावीक वेळ थांबून पंप सुरू करण्याची सोयही असते. ती वेळ प्रत्येकानं वेगळी लावायची तर एका रोहित्रावरच्या सगळ्या पंपधारकांना एकदा एकत्र बसावं लागेल.