तीन फूट की सहा? गर्दीच्या गणितवर्गातील गटकामाची पार्श्वभूमी

चौघांनी मिळून एक प्रमेय सोडवायचे तर चौघांनाही एकच आकृती सरळ दिसायला हवी, म्हणजे डोकी हातभर अंतरावर येणारच. चाळीस मुलांच्या माध्यमिक वर्गात बाक कसे जोडावेत, लिहायचे फळे कुठे लावावेत, कर्कटके आणि मार्कर कोणाच्या हाती द्यावेत, या सगळ्या चर्चा शेवटी त्या हातभर अंतरापाशी येऊन थांबतात. कोरोनाच्या साथीत प्रश्न पडला तो हाच: दोन मुलांमधले सुरक्षित अंतर किती, तीन फूट की सहा?

अडचण जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य शाळांतले बाक सर्रास जमिनीला जखडलेले असत. एकाच्या आसनाची पाठ म्हणजेच मागच्याच्या मेजाची पुढची बाजू, त्यामुळे मागे वळायचीही पंचाईत. १८९९ मध्ये शिकागोत एका तत्त्वज्ञाने व्याख्यानात आपला अनुभव सांगितला. मुलांना काम करता येईल असे बाक शोधत तो दुकाने पालथी घालत होता. अखेर एक दुकानदार म्हणाला की तुम्हाला हवेत ते काम करण्याचे बाक, आणि आमच्याकडचे सगळे आहेत ऐकण्याचे. पुढे बाक मोकळे झाले, रांगा मात्र राहिल्या.

गटकाम आणि सुरक्षितता हे दोन शब्द एकत्र आले ते वेगळ्याच कारणाने. १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत वेगवेगळ्या वंशांची मुले पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली आणि तणाव हाणामारीपर्यंत गेला. तेव्हा धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक तुकडा देण्याची पद्धत तिथे आली. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय आपले काम पुरे होत नाही, ही त्यातली मेख. सुरक्षित म्हणजे तिथे अपमानाची भीती नसलेला वर्ग. गणितापुरती मोठी भर पडली ती कॅनडात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका निबंधात भिंतीवरचे पुसता येणारे फळे, त्यांच्यापुढे उभे राहून काम आणि गटांची सरमिसळ यांवर भर होता. गर्दीच्या वर्गाला याचा एक फायदा झाला, ज्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही: मुले भिंतीशी गेली की मधली जागा मोकळी होते.

मग २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि सुरक्षित या शब्दाचा अर्थ फुटपट्टीने मोजला जाऊ लागला. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने शाळांना सहा फुटांचे अंतर सुचवले. जागतिक पातळीवरची शिफारस मात्र किमान एका मीटरची होती. या आकड्यांची मुळे खोल जातात. १८९७ च्या सुमारास एका जर्मन शास्त्रज्ञाने तोंडातून उडणाऱ्या थेंबांवर प्रयोग केले होते आणि १९३४ मध्ये एका अमेरिकी संशोधकाने थेंब खाली पडण्याआधीच कसे सुकतात याचे गणित मांडले होते. त्याच्या कामातून निघणारा दुसरा निष्कर्ष, सुकलेले सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात हा, पुढे बराच काळ मागे पडला. अंतर टेपने मोजता येते. हवा मोजायला उपकरण लागते. माझ्या मते फरक इथेच पडला.

वर्गावर त्याचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. चौकोनी मांडणीत सहा फुटांसाठी माणशी ३६ चौरस फूट लागतात, तीन फुटांसाठी ९. अंतर निम्मे, जागा थेट पाव. (त्रिकोणी मांडणी केली तर सहा फुटांत माणशी साधारण ३१ वर भागते. दहावीला यापेक्षा चांगले उदाहरण कुठले द्यायचे?) दाट वर्गाला सहा फूट म्हणजे अर्धी मुले घरी, आणि गटकाम जवळपास बंद.

१९ मार्च २०२१ रोजी त्याच अमेरिकी यंत्रणेने मास्क घातलेल्या वर्गांपुरते अंतर तीन फुटांवर आणले. आधार होता तो मॅसॅच्युसेट्समधील सुमारे २५० शालेय जिल्ह्यांच्या तुलनेचा: दोन्ही अंतरांत संसर्गाचा लक्षणीय फरक आढळला नव्हता. शिक्षक संघटनांनी शंका घेतली आणि ती अगदीच पोकळ नव्हती, कारण त्या शाळांत मास्क सक्तीचे होते आणि दाटीवाटीच्या शहरी शाळांना तोच निष्कर्ष लागू होईल याची खात्री नव्हती. शिवाय माध्यमिकला एक अट राहिलीच. परिसरात संसर्ग तीव्र असेल आणि मुलांचे ठरावीक गट (दिवसभर तीच मुले एकत्र) ठेवता येत नसतील तर सहा फूट कायम. तासागणिक वर्ग बदलणाऱ्या मोठ्या मुलांना ठरावीक गट जमणार कसे? सवलत मिळाली, पण ती जिथे सर्वांत जास्त हवी होती तिथे सर्वांत कमी.

त्याच दिवशी बाकांवरच्या पारदर्शक पडद्यांची शिफारसही मागे घेतली गेली, तोवर अनेक शाळांनी पैसे मोजून ते बसवलेले होते. एप्रिलमध्ये त्याच यंत्रणेने स्पष्ट केले की वस्तूंना हात लावून संसर्ग होण्याची शक्यता एकूण कमी आहे. एकाच मोजपट्टीला, एकाच कॅल्क्युलेटरला चौघांचा हात लागू नये म्हणून जी सामग्री कपाटात बंद झाली होती, ती खरे तर तेव्हाच बाहेर यायला हवी होती.

हवेकडे नजर वळायला मे २०२३ उजाडले. तासाला किमान पाच वेळा खोलीतली हवा बदलली जाईल, किंवा तितकी शुद्ध केली जाईल, असे उद्दिष्ट तेव्हा त्याच अमेरिकी यंत्रणेने दिले. त्यात चौघांची डोकी किती जवळ आहेत हा प्रश्न पहिला राहत नाही. खिडकी उघडते का, हा राहतो.

तीन फूट हा आकडा आणखी एका नियमात आहे आणि तो साथीच्या कितीतरी आधीचा. १९९१ च्या अमेरिकी सुगम्यता मानकांत चाकाच्या खुर्चीला जाण्यासाठी ३६ इंचांची मोकळी वाट लागते. नेहमीची चूक म्हणजे ती रिकाम्या वर्गात मोजणे. बाक चौघांसाठी जोडले, मुले बसली, खुर्च्या मागे सरकल्या आणि दप्तरे खाली टेकली की मग टेप धरावी.