रंगवलेलं इंजिन आणि चालू केलेलं इंजिन

दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरतोच. कुठल्यातरी स्टेशनबाहेर चौथऱ्यावर ठेवलेलं वाफेचं इंजिन, काळं कुळकुळीत, पुढे लाल पट्टा, पितळ चकाचक, आणि खाली 'ऐतिहासिक इंजिनाला नवं आयुष्य'. मग हमखास कोणीतरी लिहितं, एवढं केलंच आहे तर आता थोडा कोळसा टाका आणि चालवा की राव! त्या 'थोडा कोळसा'वर माझं डोकं फिरतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

बातमीत दोन्ही कामांना 'रिस्टोअर केलं' असंच म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. पहिलं काम दर्शनी. गंज खरवडा, प्रायमर मारा, रंग द्या, चोरीला गेलेली नंबरप्लेट नवी करून लावा. ज्याने घराचं गेट रंगवलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. दुसरं काम म्हणजे इंजिन रनिंगमध्ये आणणं, त्यात आग पेटवायची, वाफ धरायची, मागे डबे लावून ओढायचे. वेळ आणि पैशाचा फरक उघडच आहे. इंग्लंडच्या फ्लाइंग स्कॉट्समनला २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं आणि ४२ लाख पौंड लागले, आणि ते इंजिन काही माळावर टाकून दिलेलं नव्हतं.

पण लोक खरे फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. त्यांना वाटतं रंगकाम ही पहिली पायरी आहे, म्हणजे बाहेरून झालं, आता आतलं थोडं बघितलं की झालं. तसं अजिबात नाही. आणि ते का, हे एका गोष्टीत कळतं: तुम्ही बघता तो काळा गोल पिंप बॉयलर, म्हणजे पाण्याची वाफ करणारी टाकी, नसतोच.

हो, नसतोच. बहुतेक इंजिनांवर दिसतं ते पातळ पत्र्याचं जाकीट असतं. त्याच्या खाली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून लॅगिंगचा थर, जुन्या इंजिनांत तो बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉसचा, आणि त्याच्या खाली बॉयलरचा खरा पोलादी पत्रा. म्हणजे दहा वेळा रंग द्या, बॉयलरला ब्रश लागलेलाच नसतो. उलट इंजिन उघड्यावर उभं असेल तर पावसाचं पाणी जाकिटाच्या फटीतून आत जातं, लॅगिंग भिजतं, आणि ओल्या गोधडीत गुंडाळल्यासारखा आतला पत्रा वर्षानुवर्षं कुजत बसतो, वरून रंग मात्र नवाकोरा. चार पावसाळे काढलेलं इंजिन फोटोत कसं दिसतं याचा त्याच्या तब्येतीशी काही संबंध नाही.

माझे एक काका रेल्वेत बॉयलरमेकर होते. एकदा आमच्या भागातल्या बागेतल्या इंजिनाजवळ गेलो, नुकतंच रंगवलेलं, मुलं फोटो काढत होती. काकांनी बोटाच्या पेराने जाकिटावर टकटक केलं आणि म्हणाले, "बिस्किटाचा डबा." मग केबिनमध्ये चढून कोळसा जळतो त्या फायरबॉक्सचं दार उघडायला गेले तर ते वेल्डिंग करून बंद! मुलं आत जातात म्हणून. सेफ्टी व्हॉल्व्हची भोकंसुद्धा पत्रा मारून बुजवलेली. आता हे इंजिन चालू करायचं ठरलं तर आधी हे 'रिस्टोअर' उखडावं लागेल. म्हणजे पहिली पायरी सोडाच, उलटं काम वाढवून ठेवलंय.

आता बॉयलरला एवढं महत्त्व का. कोळसा जळतो तो फायरबॉक्स म्हणजे एक पेटी, आणि तिच्या चारही बाजूंनी आणि डोक्यावर पाणी असतं. आतली पेटी आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये शेकडो स्टे, म्हणजे दोन्ही पत्रे एकमेकांना धरून ठेवणारे बोल्ट. आपल्याकडे प्रवासी गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूपी जातीच्या इंजिनाचा दाब २१० पाउंड प्रति चौरस इंच, कारच्या टायरमध्ये तुम्ही तीस-पस्तीस भरता, यावरून काय ते समजा. त्या दाबाला पाणी साधारण २०० अंशांवरही पाणीच राहतं, आणि कुठे पत्रा फाटून दाब एकदम सुटला की त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते, जिला पाण्याच्या दीड हजार पटीहून जास्त जागा लागते. म्हणून झिजलेला पत्रा हा दिसण्याचा प्रश्न नाही, ड्रायव्हर आणि फायरमनच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून रनिंगचं काम सुरू होतं ते सोलण्यापासून. जाकीट काढा, लॅगिंग काढा, ट्यूब, म्हणजे आगीचा गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या नळ्या, सगळ्या बाहेर, पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिकने ठिकठिकाणी मोजा, स्टे हातोडीने वाजवून बघा. तुटलेला स्टे बोदा वाजतो. काका म्हणायचे, कान तयार व्हायला दोन वर्षं लागतात. मग जिथे पत्रा पातळ तिथे नवा तुकडा. मग हायड्रॉलिक टेस्ट, म्हणजे बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून नेहमीच्या दाबाच्या सव्वा ते दीडपट दाब द्यायचा. पाणी का, तर ते दाबलं जात नाही, काही फुटलं तरी नुसतं फसफसून बाहेर येतं, वाफेसारखा भडका होत नाही. त्यात पास झाला की मगच आग, आणि तीही सावकाश, कारण थंड बॉयलर घाईने तापवला की ट्यूब गळायला लागतात. खाली चाकांचे पोलादी टायर, बेअरिंग, पिस्टन, ब्रेक हेही आहेच, पण ते चांगल्या फिटरला कळणारं काम आहे. रंग या सगळ्यानंतर. सगळ्यात शेवटी.

अमेरिकेतलं बिग बॉय ४०१४ हे इंजिन बघा. कॅलिफोर्नियात पोमोनाला १९६२ पासून उघड्यावर ठेवलेलं. युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीने २०१३ मध्ये परत घेतलं आणि मे २०१९ मध्ये ते चालायला लागलं. पन्नास वर्षं उघड्यावर राहूनही जमलं याचं बरंचसं श्रेय तिथल्या कोरड्या हवेला देतात. कोकणात पन्नास पावसाळे काढले असते तर काय झालं असतं ते मी सांगायला नको.

दुसरी एक गोष्ट कोणी सांगत नाही. दर्शनी इंजिन छपराखाली ठेवलं तर पिढ्यानपिढ्या टिकतं, चालू इंजिन मात्र मुदतीवर चालू असतं. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी बॉयलर पुन्हा सोलतात. अमेरिकेत १४७२ दिवस वापर किंवा १५ वर्षं, जे आधी होईल ते. म्हणजे 'चालू केलं' हे एकदाचं काम नाही, ते गाय पाळण्यासारखं आहे. वेगाचा विक्रम करणारं ब्रिटनचं मॅलार्ड इंजिन १९८६ ते ८८ मध्ये पुन्हा धावलं, मग थांबलं ते आजवर म्युझियममध्येच. आपली फेअरी क्वीन १८५५ ची, लीड्समध्ये बनलेली. १९०९ मध्ये निवृत्त, १९९७ मध्ये चेन्नईजवळच्या पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यातून पुन्हा धावायला लागली, पुढच्या वर्षी गिनीजमध्ये गेली, मध्यंतरी सुटे भाग चोरीला गेले, परत पेरांबूर, आणि २०१७ मध्ये दिल्ली कँटोन्मेंट ते रेवाडी पुन्हा धावली. तिला 'चालू' म्हणायचं की 'बंद', याचं उत्तर साल बघून द्यावं लागतं.

बाकी घोळ किरकोळ. कॉम्प्रेस्ड हवेवर चाकं फिरवून दाखवतात ते रनिंग नव्हे, बॉयलर थंडच असतो. एकता नगर-अहमदाबाद हेरिटेज ट्रेनचं वाफेच्या इंजिनासारखं दिसणारं इंजिन विजेवर चालतं, त्याला 'स्टीम इंजिन' म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बांधलेली एक्स क्लास जातीची नवी इंजिनं खरी वाफेची, पण नवी, रिस्टोअर केलेली नाहीत.

माझं मत विचाराल तर प्रत्येक जुनं इंजिन चालू करू नये. चालू करायचं म्हणजे जुनं लोखंड कापून नवं घालायचं. स्टीफनसनचं 'रॉकेट' नावाचं अगदी सुरुवातीचं इंजिन इंग्रजांनी आहे तसं ठेवलं आणि धावायला १९७९ मध्ये प्रतिकृती बांधली, मला ते पटतं. एकुलतं एक असेल तर छपराखाली ठेवा, कृपा करून छपराखाली, आणि वेल्डिंग मशीन लांब ठेवा. डब्ल्यूपीसारखी बरीच शिल्लक असतील त्यातलं बऱ्या बॉयलरचं निवडून चालवा, रेवाडीच्या शेडमध्ये चालवतातच. आमच्या विदर्भातल्या शकुंतला या छोट्या रेल्वेवर १९२१ चं मँचेस्टरचं इंजिन १९९४ पर्यंत रोज धावलं, कारण त्याची देखभाल करणारी माणसं रोज कामावर होती.

पुढच्या वेळी असा फोटो आला की रंग बघू नका. विचारा, हायड्रॉलिक टेस्ट कधी झाली आणि किती दाबाला. उत्तर तारखेत आलं तर मला पण पाठवा, मी सुट्टी टाकून येतो.